ऊसतोडीचा हंगाम, घरची बोली आणि एमएस्सी एसएलपी: इंटर्नशिपच्या वर्षात काय पदरात पाडून घ्यावं?

उदगीर_वाचा (प्रश्न):

नमस्कार मंडळी. बीएएसएलपीची (वाचा आणि श्रवणशास्त्राच्या पदवीची) सहा सत्रं झाली, पुढच्या महिन्यात इंटर्नशिप सुरू होईल. पहिला अर्धा काळ जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या विकारांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात), दुसरा अर्धा वैद्यकीय महाविद्यालयाच्या ईएनटी विभागात आहे. पुढे एमएस्सी एसएलपीच (वाचा-भाषा उपचार) करायचं ठरलंय, ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) नाही. काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून इथं विचारते.

एमएस्सीसाठी कॉलेज निवडताना फी आणि शहर सोडून नेमकं काय बघायचं?

भाषेच्या चाचण्या प्रमाण मराठीवर बेतलेल्या आहेत. आपल्याकडं लेकरू 'मी जायलालो', 'पानी दे' म्हणतं. घरात कुठं दखनी, कुठं गोरबोली (बंजारा भाषा), देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उमरग्याकडं कन्नड. मग चूक कशाला म्हणायचं आणि बोली कशाला?

बीडकडची बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिललाच परततात. थेरपी मध्येच तुटते. त्याचं नियोजन कसं करावं?

आणि ईएनटी विभागात तोंडाच्या कर्करोगाचे, स्ट्रोकचे रुग्ण बरेच असणार. त्यांच्याकडे जाण्याआधी हाताला काय यायला हवं?

ध्वनिलेख:

आधी एमएस्सीचं. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता कॉलेजला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमागणिक, ठरावीक मुदतीची आणि ठरावीक जागांची असते. बीएएसएलपीला मान्यता आहे म्हणून एमएस्सी एसएलपीलाही असेलच असं धरून चालू नका. ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षासाठी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत अभ्यासक्रम, जागा आणि मुदत स्वतः बघा. प्रवेश कार्यालयाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. मान्यता नसलेल्या तुकडीची पदवी विद्यापीठ देईल, पण सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमध्ये (आरसीआयच्या व्यावसायिक नोंदवहीत) ती पात्रता चढणार नाही.

त्यानंतर क्लिनिक बघा. दोन वर्षांत वर्गातलं शिक्षण सगळीकडे साधारण सारखंच मिळतं, फरक पडतो तो रुग्णांच्या प्रकारांत आणि सुपरव्हिजनमध्ये. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून थेट विचारा: गेल्या सत्रात अफेझियाचे (मेंदूच्या इजेनं भाषा गेलेले) किती रुग्ण तुम्ही स्वतः घेतले? फीस (नाकातून कॅमेरा घालून गिळणं बघण्याची तपासणी) किंवा व्हिडिओफ्लुरोस्कोपी (तेच क्ष-किरणांवर) नुसती लांबून बघितली, की अहवालही लिहिला? सुपरव्हायझर सेशनला खोलीत असतात, की शेवटी फाइलवर सही करतात? टाळूच्या फटीचे रुग्ण प्लास्टिक सर्जनच्या टीमबरोबर बघायला मिळतात का? आवाजाच्या क्लिनिकला स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची कंपनं बघण्याची सोय) आहे का? उत्तरं देताना कुणी घुटमळलं की काय ते कळतं. जिथं वर्षभर फक्त 'उशिरा बोलणारी मुलं' आणि ऑटिझम एवढंच मिळतं, तिथून बाहेर पडलेला विद्यार्थी वॉर्डात गेल्यावर अडतो.

म्हैसूरचं आयश १९६५ चं आणि मुंबईचं अली यावर जंग १९८३ चं, या दोन्ही राष्ट्रीय संस्था. आयशमध्ये उपशाखा जास्त आणि उपकरणं उत्तम, पण तिथले बहुतेक रुग्ण कन्नडभाषक, त्यामुळे पहिलं सत्र भाषेशी झुंजण्यात जातं. मुंबईत मराठी-हिंदी रुग्ण मिळतात, श्रवणदोषाचा अनुभव भरपूर. नायर रुग्णालयाच्या विभागाचा फायदा असा की ते मोठं सर्वसाधारण रुग्णालय आहे, न्यूरोलॉजी, ईएनटी आणि बालरोग एकाच आवारात. मराठवाड्यात परत येऊन काम करायचं असेल तर माझ्या मते सर्वसाधारण रुग्णालयाला जोडलेला अभ्यासक्रम आधी बघावा, कारण इथं एकटा एसएलपी गिळण्यापासून तोतरेपणापर्यंत सगळं बघतो.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, रुग्णाचा फाइल क्रमांक (नाव नको), वय, विकाराचा प्रकार, मूल्यमापन की थेरपी, मिनिटं, सुपरव्हायझरची सही आणि त्यांचा आरसीआय क्रमांक. महिनाअखेर एकदम सह्या घेण्याची पद्धत सोडा, सुपरव्हायझरची बदली झाली की ते तास गेलेच. पुढे अमेरिकेत जाण्याचा विचार असेल तर तिथल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या आशा (ASHA) संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तास लागतात, २५ निरीक्षणाचे आणि ३७५ थेट रुग्णाबरोबरचे. त्यातले ३२५ पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातले असावे लागतात. त्यामुळे पदवीचे आणि एमएस्सीचे तास वेगळ्या वह्यांत ठेवा.

बालाघाट_एसएलपी:

बोलीच्या प्रश्नावर लिहितो, कारण याच ठिकाणी निदान सगळ्यात जास्त चुकतं.

नियम एकच ठेवा: लेकराची तुलना त्याच्या घरच्या माणसांशी करायची, चाचणीच्या पुस्तकाशी नाही. उच्चारांच्या चाचणीची चित्रं लेकराला दाखवण्याआधी आईला किंवा आजीला दाखवा आणि त्यांचे उच्चार लिहून घ्या. याला दहा मिनिटं लागतात. आजी 'पानी', 'कोन' म्हणत असेल तर लेकराचा न ही चूक नाही आणि ण हे थेरपीचं उद्दिष्टही नाही. पण आजी 'टोपी' म्हणते आणि पाच वर्षांचं लेकरू 'तोपी' म्हणतं, किंवा 'कावळा'ला 'तावळा' म्हणतं, तर ते फ्रंटिंग (मागचा ध्वनी तोंडात पुढे काढणं) आहे आणि त्यावर काम करायला हवं.

च, ज आणि झ लिहिताना देवनागरी पुरत नाही. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळा, 'जीभ' आणि 'जाड' यांतला ज वेगळा. आयपीएमध्ये (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत) लिहिलं नाही तर महिन्याभरानं तुमचीच नोंद तुम्हाला वाचता येणार नाही.

भाषेच्या नमुन्यासाठी लेकराची ५० ते १०० उच्चारणं (एका दमात बोललेली वाक्यं किंवा तुकडे) हवीत. 'हे काय? ते काय?' असं विचारत बसलात तर एकेका शब्दाची उत्तरं येतील आणि लेकरू आहे त्याहून कमकुवत दिसेल. आईला लेकराशी खेळू द्या, रेकॉर्डर सुरू ठेवून तुम्ही बाजूला बसा. साहित्य घरातलं असू द्या: भाकरी, तवा, शेळी, बैलगाडी, ट्रॅक्टर, मोबाइल. एमएलयू (उच्चारणाची सरासरी लांबी) काढताना आधी मोजणीचा नियम लिहून ठेवा. 'आईला भाकर दे' यात शब्द तीन, पण 'ला' प्रत्यय वेगळा धरला तर घटक चार. 'जायलालो' याचे तुकडे कसे पाडायचे यावर दोन परीक्षकांचं एकमत होईलच असं नाही, म्हणून सुरुवातीला शब्दांवर एमएलयू काढा आणि अहवालात तसं स्पष्ट नोंदवा. निम्म्या फाइली शब्दांवर आणि निम्म्या प्रत्ययांवर असतील तर त्यांची तुलना होत नाही.

'करलालो', 'जायलालो' ही रूपं पूर्ण व्याकरणशुद्ध आहेत, त्यांत पुरुष, लिंग, वचन सगळं आहे. तेच बघायचं: मुलगी स्वतःबद्दल बोलताना घरच्या बायकांसारखं रूप वापरते का? अनेकवचन येतं का? भूतकाळ येतो का? ते येत असेल तर व्याकरण ठीक आहे, रूप पुण्याचं नसलं तरी.

घरात दोन भाषा असतील तर दोन्हींत बघा. खरा भाषाविकार दोन्ही भाषांत दिसतो. तांड्यावरचं लेकरू गोरबोलीत लांब वाक्यं बोलतं आणि अंगणवाडीत मराठीत गप्प बसतं, तर त्याला मराठी कमी ऐकायला मिळाली आहे एवढंच. दुभाषी म्हणून मोठ्या भावंडाला बसवू नका, ते लेकराचं वाक्य दुरुस्त करून सांगतं. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका त्या भाषेची असेल तर तिला आधी समजवा: लेकरू जे म्हणालं तेच सांगायचं, अर्धवट असलं तरी.

एकाच ध्वनीचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्याही तपासून घ्या. 'टाक–ताक', 'गार–दार', 'काप–ताप' या जोड्या चालतात. 'डाळ' मात्र टाळा, कारण बऱ्याच घरांत तिला 'दाळ'च म्हणतात.

गोदाकाठ:

बालाघाट सरांनी छान लिहिलंय. उच्चारांच्या थेरपीबद्दल थोडी भर. सुरुवातीला पंधरा मिनिटं जिभेचे व्यायाम द्यावेत, मध चाटायला लावणं, शिट्टी, मेणबत्ती फुंकणं. टाळूच्या फटीच्या लेकरांना तर फुंकर हवीच, हवा तोंडातून बाहेर यायला शिकतात. पालकांनाही घरी करायला काहीतरी मिळतं.

ध्वनिलेख:

गोदाकाठ ताई, इथं मी ठामपणे असहमत आहे, आणि इंटर्न वाचत असल्यामुळे कारणासकट लिहितो.

फुंकताना मऊ टाळू ज्या रीतीनं बंद होतो, त्याच रीतीनं बोलताना होत नाही. बोलताना तो सेकंदात अनेकदा उघडतो-मिटतो, आणि ते नियंत्रण बोलण्याच्याच सरावानं येतं. महिनाभर मेणबत्त्या विझवूनही 'पप्पा'मधली हवा नाकातूनच जाते. शिवाय टाळू आखूड असेल किंवा फट उरली असेल तर कोणताही व्यायाम ती भरून काढत नाही, तिथं सर्जनकडेच पाठवावं लागतं. व्यायामात गेलेले सहा महिने म्हणजे लेकरानं घशातून 'क' काढायची सवय सहा महिने पक्की केली.

तपासणी अशी करा. नाकातले वर्ण नसलेले शब्द घ्या: 'पप्पा', 'बाबा', 'काका काठी टाक', 'दादा गाडी'. नाकाखाली थंड आरसा धरा. 'पा पा पा'ला आरशावर वाफ धरली तर नाकातून हवा गळतेय. मग लांब 'ई' म्हणायला लावून नाक चिमटीत धरा आणि सोडा. आवाज बदलला तर नाकातलं अनुनादन जास्त आहे. 'मामा मीना' म्हणताना नाक दाबूनही आवाज बदलत नसेल तर उलटं, नाक चोंदलेलं आहे, अॅडिनॉइड (नाकामागची गाठ) बघायला सांगा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची ९ ते १८ महिन्यांत होते. वर्ष उलटूनही टाळू तसाच असलेलं लेकरू डीईआयसीत आलं तर त्या दिवशी थेरपीचा आराखडा करत बसण्यापेक्षा शस्त्रक्रियेची तारीख मिळवून देणं मोठं काम आहे.

फट बुजलेली आहे आणि ग्लॉटल स्टॉप (घसा आवळून काढलेले ध्वनी) उरलेत, तर मग थेरपी जोरात करा. 'ह' लावून सुरुवात करा: लांब 'हाऽ', त्यात हळूच ओठ मिटवून 'हाऽपा'. श्वास चालू राहिला की घसा आवळत नाही. अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये लेकराकडून किमान ५० उच्चार निघायला हवेत. बाहुल्या, स्टिकर, खेळ यांत निम्मा वेळ गेला आणि १२ उच्चार झाले तर ते सेशन झालं असं म्हणता येत नाही.

आधी तीन वेगळ्या दिवशी बेसलाइन (थेरपीआधीची स्थिती) घ्या. सलग दोन-तीन सेशनमध्ये ८० टक्के आलं की पुढच्या पायरीवर जा, आणि दर काही दिवसांनी कधीच न शिकवलेले दहा शब्द तपासा. शिकवलेले शब्द ९० टक्के आणि न शिकवलेले २० टक्के, म्हणजे लेकरानं चित्रं पाठ केलीत, ध्वनी आलेला नाही.

बालाघाट_एसएलपी:

ऊसतोडीचं बोलू. हा खंड दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो, म्हणून त्याला ड्रॉपआउट म्हणून फाइल बंद करू नका. वर्षाचा आराखडाच त्याभोवती करा. पहिल्या भेटीत पत्त्याबरोबर हेही विचारा: कोयत्यावर कधी जाता, कोणत्या भागात, लेकरू बरोबर जातं की आजीकडं राहतं? राहणार असेल तर पहिल्या दिवसापासून आजीलाच सेशनला बसवा. आईला शिकवून आजीला निरोप धाडला तर तो निरोप पोचत नाही.

जुलै ते सप्टेंबर हे महिने जास्त वेळा बोलवा, आठवड्याला दोनदा जमलं तर उत्तम. नवं उद्दिष्ट दसऱ्याच्या तोंडावर सुरू करू नका. जे ८० टक्क्यांवर आलंय तेच बरोबर पाठवा, कारण फडावर पालक नवं शिकवू शकत नाहीत, पण आलेलं टिकवू शकतात.

घरच्या कार्यक्रमात तीनच वेळा निवडा, ज्या फडावरही असतात: भाकरी करताना, अंघोळीला, झोपताना. प्रत्येकीला एकच काम. भाषा उशिरा असलेल्या लेकरासाठी उदाहरण: भाकरीचा तुकडा पुढं धरायचा, पाच सेकंद थांबायचं, त्यानं बघितलं, हात केला किंवा आवाज काढला की 'भाकर दे' असं म्हणून द्यायचं. 'म्हण, म्हण' असा तगादा लावायचा नाही. अक्षरओळख नसेल तर कागदावर लिहून देऊन उपयोग नाही, आईच्याच मोबाइलवर तिचाच एक मिनिटाचा व्हिडिओ काढून द्या, ज्यात तिनं हे बरोबर केलंय. दर आठवड्याला तिकडून एक मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवा. व्हिडिओ कॉल फडावर टिकत नाही, रेकॉर्ड केलेला आवाज मात्र रेंज आली की जातो.

श्रवणयंत्र असलेलं लेकरू जाणार असेल तर तयारी वेगळी. झिंक-एअर सेलवरचा स्टिकर काढला की सेल झिजायला लागतो, म्हणून पालकांनी सगळे स्टिकर एकदम काढून ठेवू नयेत. स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवून मगच घालायचा. सेल सरासरी दहा दिवस जात असेल तर १८० दिवसांना एका कानाला १८, दोन कानांना ३६ सेल, म्हणजे सहाच्या सहा पट्ट्या. त्या लेकराचा खरा वापर विचारून हिशेब करा आणि एक पट्टी जादा द्या. फडावर घाम आणि पाचटाची धूळ, त्यामुळे रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत, सेलचं झाकण उघडं ठेवून. सिलिकाचे दाणे रंग बदलले की बदलायचे. लहान मुलांचा कान वाढतो, ईअरमोल्ड तीन ते सहा महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. मग पालक आवाज कमी करतात किंवा यंत्र काढून ठेवतात. जाण्याआधीच्या महिन्यात नवा साचा घ्या.

आईला रोज सकाळची सहा आवाजांची तपासणी शिकवा: म, ऊ, आ, ई, श, स. लेकराच्या मागं एक मीटरवर, तोंड न दाखवता, मधे कमीजास्त अंतर ठेवून. लेकरू प्रत्येकाला मान वळवतं किंवा खडा टाकतं का बघायचं. काल 'स' ऐकू आला आणि आज नाही, तर सेल, मळ किंवा नळी यांपैकी काहीतरी आहे. सगळेच गेले तर यंत्र बंद आहे.

निघताना हातात एक पान द्या: निदान, शेवटचा ऑडिओग्राम (श्रवणाचा आलेख), यंत्राचं मॉडेल आणि क्रमांक, चालू उद्दिष्ट, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) क्रमांक. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जिथं जातील तिथल्या जिल्हा रुग्णालयाला दाखवता येईल असं.

आणि डीईआयसीत आहात तर नवजातांचं एक ध्यानात घ्या. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र आणि उपचार सुरू. एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या कक्षात) पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या किंवा काविळीसाठी रक्त बदललेल्या बाळाला फक्त ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) करून 'पास' म्हणू नका. ऑडिटरी न्यूरोपथीत ओएई येतं आणि ऐकू मात्र नीट जात नाही. तिथं बेराच (श्रवणनसेचा आणि मेंदूकडचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) हवी.

मांजरा_तीर:

ईएनटीतल्या मोठ्या रुग्णांबद्दल मी लिहिते.

गिळण्याची तपासणी पाण्यापासून सुरू होत नाही. आधी बघा: रुग्ण पंधरा मिनिटं जागा राहतो का, सरळ बसतो का, तोंड स्वच्छ आहे का, स्वतःची लाळ गिळतो का. तोंड घाण असताना फुप्फुसात गेलेला घोट जास्त घातक, कारण त्याबरोबर जंतू जातात. पलंगाशी खोकला आणि ओला आवाज कळतो, पण आवाज न करता होणारं ॲस्पिरेशन (घोट श्वासनलिकेत जाणं) कळत नाही. म्हणून 'खोकला आला नाही, सुरक्षित आहे' असं अहवालात लिहू नका. 'पलंगाशी लक्षणं दिसली नाहीत, फीसची शिफारस' असं लिहा.

घट्टपणा मोजून लिहा. 'थोडं घट्ट' म्हणजे प्रत्येक नातेवाइकाच्या हातून वेगळं काहीतरी. आयडीडीएसआयची (अन्न-पेयांच्या घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मापनाची) सिरिंज पद्धत फुकटात होते: १० मिली सिरिंज, सुई आणि दट्ट्या काढून, खाली बोट धरून १० मिलीपर्यंत भरा, बोट सोडा, १० सेकंदांनी परत धरा. १ मिलीहून कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर काट्याचमच्यानं तपासा. सिरिंज एकदा पट्टीनं मोजा, ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, सगळ्या कंपन्यांचं तसं नसतं.

आपल्याकडं रुग्णाला ताक, ज्वारीची आंबील, कण्या देतात. हे सगळं तपासूनच द्या. आंबील गरम असताना पातळ आणि निवली की घट्ट होते, म्हणून ज्या तापमानाला पाजणार त्याच तापमानाला सिरिंज लावा. आणि लाळेतला एन्झाइम पिठाचा घट्टपणा मोडतो. उष्टा चमचा परत वाटीत बुडाला की अर्ध्या तासात ती वाटी पातळ झालेली असते. वाटीतून थोडं वेगळं काढून भरवायचं.

हनुवटी खाली करून गिळणं सरसकट सगळ्यांना सांगू नका, काहींचा घोट त्यानं उलट पुढे सांडतो किंवा घशात साचतो. मसाको व्यायाम, जीभ दातांत धरून गिळायचा, तो फक्त लाळेवर. अन्नाबरोबर दिला तर अपघात होईल.

गुटखा-खर्ऱ्यामुळे तोंड न उघडणारे रुग्ण भरपूर मिळतील. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिमीमध्ये लिहा, ३५ किंवा कमी म्हणजे ट्रिसमस (जबडा आखडणं). रेडिएशन सुरू होण्याआधीचा आकडा फाइलमध्ये हवाच, नाहीतर नंतर किती गेलं हे कळत नाही. जबड्याचे ताण रेडिएशनच्या आधी सुरू करून दिवसातून अनेकदा थोडे थोडे करायचे. लाकडी स्पॅच्युला (जीभ दाबायच्या पट्ट्या) एकावर एक रचून दातांत धरायचे आणि सहन होईल तशी एकेक वाढवायची. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये (गुटख्यानं तोंडाचं आतलं अस्तर ताठरतं तो आजार) पट्टे कडक असतात, जोर लावला तर श्लेष्मल त्वचा फाटते. तिथं गती कमी ठेवा आणि ईएनटीशी बोलून करा.

स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला भेटा, नंतर नाही. आवाज जाणार, मानेतून श्वास घेणार, हे दोन्ही त्याला आणि घरच्यांना आधी कळायला हवं. इलेक्ट्रोलॅरिंक्स (मानेला लावून आवाज काढायचं यंत्र), अन्ननलिकेचा आवाज आणि टीईपी व्हॉल्व्ह (श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमधल्या छिद्रातली झडप) हे तीन मार्ग सांगताना व्हॉल्व्ह वेळोवेळी बदलावा लागतो हे स्पष्ट बोला. गावाहून शहरात यायला एसटीचा दिवस मोडत असेल आणि व्हॉल्व्ह गळायला लागला तर प्रत्येक घोट फुप्फुसात जाणार. घरच्यांना दोन गोष्टी पाठ करून घ्या: नदी-विहिरीत पोहायचं नाही, आणि बेशुद्ध पडला तर ऑक्सिजन मानेच्या छिद्राला द्यायचा, नाकातोंडाला नाही.

अफेझियात डब्ल्यूएबी ही चाचणी करताना शिक्षण लिहा. तिचा अफेझिया कोशंट (एकूण गुण) बोलणं, समजणं, पुनरुच्चार आणि नावं सांगणं यांवरच निघतो, त्यात वाचन-लेखन येत नाही. त्यामुळे निरक्षर रुग्णाचाही कोशंट काढता येतो. ९३.८ च्या खाली असेल तर अफेझिया धरतात, पण रूपांतरित आवृत्तीत आणि शिक्षण नसलेल्या माणसात तो आकडा दगडावरची रेघ समजू नका. वस्तूंची नावं विचारताना त्याच्या हातातल्या वस्तू घ्या.

उदगीर_वाचा:

खूप उपयोगी पडेल, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. डीईआयसीत सुपरव्हायझर रोज नसतील असं कळलंय. त्या दिवशी आलेल्या पालकांना मी निदान सांगू का? आणि एमएस्सीच्या प्रबंधासाठी आत्तापासून काही गोळा करता येईल का?

ध्वनिलेख:

निदान सांगू नका, ताई. आरसीआय कायदा १९९२ चा आहे आणि त्यातल्या कलम १३ प्रमाणे नोंदणी नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इंटर्न म्हणून तुम्ही नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीखाली काम करता. ते नसतील त्या दिवशी इतिहास घ्या, भाषेचा नमुना रेकॉर्ड करा, पालकांना बोलण्याच्या संधी कशा वाढवायच्या ते सांगा आणि सुपरव्हायझर असतील त्या दिवसाची पुढची तारीख द्या. ऑटिझमच्या बाबतीत तर फारच जपा. आयएसएए या ऑटिझम मूल्यमापनाच्या ४० बाबी भरून ७० च्या वर आकडा आला म्हणून पालकांना दारातच ते नाव सांगायचं नसतं. त्या आकड्यावरून प्रमाणपत्राची प्रक्रिया सुरू होते, आणि ती टीमची जबाबदारी आहे.

बालाघाट_एसएलपी:

प्रबंधासाठी विषय तुमच्या दारातच आहे: लातूर-नांदेड पट्ट्यातली तीन ते पाच वर्षांची, विकार नसलेली मुलं बोलीत कोणती क्रियापदरूपं कोणत्या वयात वापरतात. अशी नोंद हाताशी असेल तर इथल्या प्रत्येक इंटर्नला चूक आणि बोली वेगळी करता येईल.

पण डीईआयसीतले रुग्णांचे रेकॉर्डिंग पुढे संशोधनात वापरता येणार नाहीत. त्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पालकांची वेगळी लेखी संमती आधी लागते, नंतर घेतलेली चालत नाही. आत्ता करता येण्यासारखं एवढं: चित्रं आणि खेळाचं साहित्य ठरवा, दोन-चार ओळखीच्या घरांत ते चालतं का बघा, मोजणीचे नियम लिहून काढा आणि तोच दहा मिनिटांचा नमुना मैत्रिणीला स्वतंत्रपणे लिहायला देऊन तुमचं-तिचं किती जुळतं ते तपासा. रेकॉर्डिंग एमपी३ मध्ये नको, वेव्हमध्ये ४४.१ किलोहर्ट्झवर करा. माइक लेकराच्या कपड्याला, तोंडापासून वीतभर अंतरावर लावा. अंगणवाडीत करणार असाल तर पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात जाऊ नका, पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात स आणि श वेगळे ऐकू येत नाहीत.